इंग्रजी वाक्यात उद्गारचिन्ह नेमकं कुठे द्यायचं?

निळीशाई

गेल्या आठवड्यात आमच्या वरिष्ठांनी माझ्या एका मेलची छापील प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. कागदावर लाल पेनाने सहा गोल केले होते आणि सहाही गोलांत एकच चिन्ह होतं. मेल असा होता (इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहिते, म्हणजे सलग वाचता येतील):

हाय! थँक यू फॉर युअर मेल! द करेक्टेड रिपोर्ट इज अटॅच्ड! देअर वॉज अ मिस्टेक इन टेबल फोर! वी आर सॉरी फॉर द डिले! प्लीज कन्फर्म बाय फ्रायडे!

पाठवताना मला हा मेल छान वाटला होता. पूर्णविराम दिला की इंग्रजी वाक्य फार कोरडं होतं, समोरच्याला वाटेल मी चिडून लिहिलंय, अशी मला कायम धास्ती असते. म्हणून हात आपोआप त्या चिन्हाकडे जातो.

शाळेत एवढंच शिकवलं होतं की आनंद, दुःख, आश्चर्य अशी भावना असेल तिथे उद्गारचिन्ह. पण भावना तर कुठल्याही वाक्यामागे असू शकते. मग ते चिन्ह नेमकं कुठे बरोबर आणि कुठे चूक? आणि ते काढून टाकलं तर मेल उद्धट वाटणार नाही ना? मनापासून विचारतेय, शिकायचं आहे.

व्याकरणवेडा

शाळेतली व्याख्या अर्धी आहे. भावना लिहिणाऱ्याच्या मनात असून भागत नाही, वाक्याच्या घडणीत ती दिसावी लागते.

इंग्रजीत अस्सल उद्गारवाक्याचे साचे दोन, एक ‘व्हॉट’चा आणि एक ‘हाउ’चा. ‘व्हॉट अ लव्हली व्हॉइस शी हॅज!’ आणि ‘हाउ फास्ट ही रन्स!’ व्हॉटच्या पाठोपाठ नाम असलेला शब्दसमूह येतो, हाउच्या पाठोपाठ विशेषण किंवा क्रियाविशेषण. या दोन साच्यांत चिन्ह हक्काचं. नाम मोजता येण्यासारखं आणि एकवचनी असेल तर मध्ये ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ हवा. नाम मोजता येत नसेल तर नको, म्हणून ‘व्हॉट ब्यूटिफुल वेदर!’ यात ‘अ’ नाही.

याखेरीज एकटे उद्गार: ‘वाउ!’ ‘हुर्रे!’ आणि चढ्या आवाजातली आज्ञा. ‘सिट डाउन.’ ही शांतपणे केलेली सूचना आहे, ‘सिट डाउन!’ हे ओरडणं आहे. साधं विधानही खरोखर मोठ्याने म्हटलं जात असेल तर चिन्ह घेतं: ‘वी वन!’

तुमच्या मेलमधलं ‘हाय’ सोडलं तर उरलेल्या पाच वाक्यांपैकी एकही मोठ्याने म्हणण्याचं नाही.

सहजसुचलं

‘देअर वॉज अ मिस्टेक इन टेबल फोर!’ वाचून वाटतं, चूक सापडल्याचा केवढा आनंद झालाय. 🙂

निळीशाई

अगदी खरं. त्याच गोलाला सगळ्यात जास्त शाई लागली होती.

वर्गशिक्षिका

व्याकरणवेडा यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण शिकवण्याच्या अनुभवातून थोडी भर घालते.

मराठी मुलांची खरी अडचण चिन्हात नसते, शब्दक्रमात असते. आपला ‘काय’ दोन्ही कामं करतो. ‘काय पाऊस आहे!’ आणि ‘हे काय आहे?’ तसंच ‘किती’. ‘किती सुंदर आहे हे फूल!’ म्हणताना आपण क्रियापद कुठेही ठेवतो, फरक फक्त सुरात असतो. इंग्रजीत तो फरक क्रमाने दाखवावा लागतो. ‘हाउ टॉल इज शी?’ हा प्रश्न झाला, ‘हाउ टॉल शी इज!’ हा उद्गार. कर्ता आधी, क्रियापद नंतर. मुलं ‘हाउ ब्यूटिफुल इज द फ्लॉवर!’ लिहितात आणि शेवटी चिन्ह दिलं म्हणून आपलं काम झालं असं समजतात. मी त्यांना सांगते, आधी चिन्ह झाका आणि वाक्य वाचा. चिन्ह झाकल्यावरही उद्गार ऐकू आला तर वाक्य बरोबर बनलंय.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे अप्रत्यक्ष कथन. ‘ही एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट दे हॅड वन’ इथे शेवटी पूर्णविराम येतो. उद्गार त्याचा होता, आपण फक्त बातमी सांगतोय. तरी दर परीक्षेत अर्धा वर्ग उद्गारचिन्ह देतो, कारण वाक्यात ‘एक्सक्लेम्ड’ दिसतं.

दोनओळी

चिन्ह झाकून वाचायची युक्ती फार आवडली. वाचनखूण साठवली.

मनमोकळी

मी थोडी वेगळी बाजू मांडते. व्याकरणाच्या पुस्तकातला नियम आणि माणसं आज जे लिहितात त्यात अंतर पडलंय, आणि निळीशाईला वाटणारी धास्ती खोटी नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. एकाने काही विचारलंय, दुसऱ्याने एका शब्दात होकार दिलाय, एवढेच. फोनवरच्या संदेशाच्या रूपात दाखवलेल्या उत्तरापुढे पूर्णविराम असेल तर ते उत्तर वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीच्या रूपात दाखवलं तेव्हा हा फरक दिसला नाही. म्हणजे पूर्णविराम मुळात कोरडा नाही. जिथे संदेश संपल्याचं पडद्यावर आपोआप कळतं, तिथे मुद्दाम दिलेला पूर्णविराम काहीतरी जास्तीचं सांगतो.

त्याआधी २००६ मध्ये कॅरल वासेलेस्की यांनी दोन व्यावसायिक चर्चागटांतली उद्गारचिन्हं तपासली होती. बायका भावनेच्या भरात चिन्हं देतात हा जुना समज तिथे टिकला नाही. बरीचशी चिन्हं मैत्रीचा सूर दाखवायला वापरलेली निघाली. तेव्हा एखादी बाई ‘थँक्स!’ लिहिते तेव्हा ती ओरडत नसते, हसून बोलत असते. लाल पेनाने सरसकट गोल करणं मला पटलं नाही.

व्याकरणवेडा

मनमोकळी, माहिती मोलाची आहे आणि ‘थँक्स!’बद्दल माझी हरकत नाही. पण तो प्रयोग एकेका शब्दाच्या उत्तरांचा होता. निळीशाईंचा मेल सहा वाक्यांचा आहे, त्यात चुकीची कबुली आहे, मुदत आहे. मेल हा फोनवरच्या संदेशापेक्षा चिठ्ठीच्या जास्त जवळचा. आणि सहापैकी सहा वाक्यं हसून म्हटली तर नेमकं कुठलं वाक्य मनापासून हसून म्हटलं ते कळणार कसं?

मनमोकळी

हा मुद्दा मान्य. पण मग एक तरी ठेवू द्या तिला.

मुद्रितशोधक

बरीच वर्षं इंग्रजी आणि मराठी दोन्ही मुद्रितं तपासली. रोज ज्यावर पेन चालवावं लागतं तेवढंच सांगतो.

इंग्रजीत चिन्हाच्या आधी जागा सोडत नाहीत. शेवटच्या अक्षराला चिकटून चिन्ह, मग एक जागा. फ्रेंचमध्ये आधी बारीक जागा सोडतात, स्पॅनिशमध्ये वाक्याच्या सुरुवातीला उलटं चिन्ह आणि शेवटी सुलटं. त्या त्या भाषेत ते बरोबर आहे, इंग्रजीत आणू नये. उद्गारचिन्ह आलं की त्याला लागून पूर्णविराम येत नाही, एकच शेवट पुरे.

अवतरणात जास्त घोळ होतात. उद्गार फक्त बोलणाऱ्याचा असेल तर चिन्ह अवतरणाच्या आत: शी शाउटेड, “रन!” इथे बाहेर पुन्हा पूर्णविराम नको. उद्गार पूर्ण वाक्याचा असेल आणि अवतरणातले शब्द थंड असतील तर चिन्ह बाहेर: ही कॉल्ड माय होल लाइफ्स वर्क “अ हॉबी”! बघा, ‘अ हॉबी’ म्हणणारा शांतपणे म्हणाला होता, चिडलाय तो लिहिणारा. इतर विरामचिन्हांबाबत ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धती वेगळ्या असल्या तरी इथे दोघांचं एकमत आहे.

आणि “रन!” शी सेड. यात चिन्हानंतर स्वल्पविराम घालायचा नाही, आणि ‘शी’चं पहिलं अक्षर लहान लिपीतलं. संगणक ते स्वतःहून मोठं करतो. मी हे इतक्यांदा दुरुस्त केलंय की आता पान उघडलं की डोळा आधी तिथेच जातो.

वर्गशिक्षिका

‘अ हॉबी’चं उदाहरण उद्या वर्गात वापरते. पूर्ण वाक्य कोणाचं आणि आतला आवाज कोणाचा, हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

पटावरचा

अवांतर: बुद्धिबळात एक ! म्हणजे चांगली चाल, दोन म्हणजे अफलातून. ? म्हणजे चूक, ?? म्हणजे घोडचूक. !? म्हणजे विचार करण्यासारखी आणि ?! म्हणजे शंकास्पद. नुसता क्रम बदलला की अर्थ फिरतो. आमच्याकडे समालोचक सगळ्याच चालींना ! देऊ लागला तर त्याचं पुस्तक कोणी उघडणार नाही.

आकडेमोड

गणितात ५! म्हणजे १२०. एक ते पाच आकड्यांचा गुणाकार. क्रिस्तियान क्रांप यांनी १८०८ मध्ये ही खूण वापरली. म्हणून विद्यार्थ्याने उत्साहाने ‘उत्तर ५!’ लिहिलं तर मी थांबून विचारतो, पाच की एकशेवीस?

कोडवाला

प्रोग्रामिंगमध्ये तेच चिन्ह ‘नाही’ म्हणतं. बरोबरच्या खुणेआधी लावलं की ‘समान नाही’. बोलताना आम्ही त्याला ‘बँग’ म्हणतो.

मुद्रितशोधक

‘बँग’ हा छापखान्यातलाच जुना शब्द. ‘स्क्रीमर’ असंही म्हणत, म्हणजे किंचाळणारा. ब्रिटिश लोक ‘एक्सक्लेमेशन मार्क’ म्हणतात, अमेरिकन ‘एक्सक्लेमेशन पॉइंट’.

जुन्या बऱ्याच टंकयंत्रांवर याची वेगळी कळच नव्हती. आधी अपोस्ट्रॉफी मारायची, एक घर मागे यायचं आणि खाली पूर्णविराम मारायचा. मी त्या यंत्रावर काम केलंय. तीन कळा दाबायच्या म्हटल्यावर माणूस क्षणभर थांबायचा आणि त्या क्षणात ठरवायचा, हे हवंय का. आता एका बोटाचं काम झालंय. तो थांबण्याचा क्षण आपणच आणायला हवा असं मला फार वाटतं.

दोनओळी

तीन कळांचा नियम आजपासून मनातल्या मनात पाळणार.

भाषांतरकार

जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर करताना हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो. जर्मनमध्ये आज्ञार्थी वाक्यापुढे उद्गारचिन्ह सर्रास येतं, त्यात आरडाओरडा नसतो. पूर्वी पत्राच्या मायन्यापुढेही तेच देत, आता बहुधा स्वल्पविराम देतात. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘झाकण बंद करा!’ अशी वीस वाक्यं असतात. ती सगळी चिन्हं इंग्रजीत तशीच नेली तर वाचणाऱ्याला वाटेल यंत्र आता पेटणार. मी वीसातली एकोणीस काढतो आणि जिथे खरंच हात भाजेल तिथे एक ठेवतो. त्या एकट्या चिन्हाकडे मग नक्की लक्ष जातं.

सहजसुचलं

रस्त्यावरच्या त्रिकोणी पाटीतही तेच चिन्ह असतं की. अर्थ एवढाच, पुढे धोका आहे. मेलच्या यादीत लाल उद्गारचिन्ह म्हणजे तातडीचं. एका चिन्हाला किती कामं.

पाऊलवाट

मला जे लिहायचं आहे ते जरा जड आहे, पण धाग्याशी थेट संबंधित आहे.

माझ्या एका परदेशी सहकाऱ्याचे वडील गेले. आम्ही रोज मेलवर बोलणारे, आणि आमच्या मेलमध्ये उद्गारचिन्हांचा पाऊस. बातमी कळली तशी मी तातडीने दोन ओळी लिहिल्या: ‘आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युअर लॉस! प्लीज टेक केअर!’ पाठवलं आणि कामाला लागलो. रात्री काही शोधताना तो मेल पुन्हा समोर आला. ‘लॉस’ या शब्दाला चिकटून ती उभी रेघ आणि खाली ठिपका. मला ते बघवेना. शब्द सगळे बरोबर होते, स्पेलिंग बरोबर होतं, आणि वाक्य एखाद्या वाढदिवसाच्या शुभेच्छेसारखं उड्या मारत होतं. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा सविस्तर लिहिलं, वडिलांबद्दल त्याने पूर्वी सांगितलेली एक आठवण लिहिली. त्यात एकही चिन्ह नव्हतं. त्याने उत्तरात लिहिलं की ते पत्र त्याने आईला वाचून दाखवलं.

शाळेत ‘दुःख दाखवायला उद्गारचिन्ह’ असं शिकवतात, ‘अलास! ही इज डेड!’ हे उदाहरण देतात. आजच्या इंग्रजीत सांत्वनाच्या वाक्याला पूर्णविरामच द्यावा, हे मुलांना वेगळं सांगायला हवं.

निळीशाई

पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या ‘वी आर सॉरी फॉर द डिले!’मध्येही तेच झालंय. माफी मागतेय आणि वाक्य उड्या मारतंय.

वर्गशिक्षिका

पाऊलवाट यांच्याशी पूर्ण सहमत. ‘अलास’ आता बोलण्यात राहिलेलाच नाही. हा घोळ आपल्या केवलप्रयोगी अव्ययांमुळे वाढतो. अरेरे, अबब, शाबास, छी, या प्रत्येकापुढे मराठीत आपण चिन्ह देतो आणि ते शोभतं. इंग्रजीत ‘ओह’, ‘वेल’ हे बहुतेक वेळा इतके हलके असतात की त्यांना स्वल्पविराम पुरतो. ‘ओह, आय सी.’ ‘वेल, लेट अस बिगिन.’ तिथे उद्गारचिन्ह दिलं तर समोरचा दचकेल.

इंग्लंडची एक गोष्ट सांगते. तिथल्या शिक्षण खात्याने २०१६ मध्ये सात वर्षांच्या मुलांच्या मूल्यमापनासाठी ठरवलं की उद्गारवाक्य म्हणून गुण हवे असतील तर वाक्य ‘व्हॉट’ किंवा ‘हाउ’ने सुरू झालं पाहिजे आणि त्यात क्रियापद हवं. त्यावर तिथे मोठा वाद झाला. मला ती व्याख्या व्याकरण म्हणून पटते, पण लिहायला शिकणाऱ्या मुलाला ‘व्हॉट अ मेस!’ हा उद्गार नव्हे असं सांगणं पटत नाही. ते तर घराघरात रोज ऐकू येणारं वाक्य.

व्याकरणवेडा

बरोबर. ‘व्हॉट अ मेस!’मध्ये क्रियापद अध्याहृत आहे. शिवाय प्रश्नाच्या घडणीतले उद्गारही असतात: ‘इझन्ट इट लव्हली!’ उत्तराची अपेक्षा नाही, म्हणून प्रश्नचिन्ह नाही. मी पहिल्या प्रतिसादात हा प्रकार घ्यायला हवा होता.

मनमोकळी

आणि प्रश्न आणि आश्चर्य दोन्ही असेल तेव्हा? ‘यू डिड व्हॉट?!’ असं सर्रास दिसतं.

मुद्रितशोधक

गप्पांत चालतं, औपचारिक लिखाणात एकच निवडा. वाक्याची घडण प्रश्नाची असेल तर प्रश्नचिन्ह. दोन्ही एकत्र करून १९६२ मध्ये मार्टिन स्पेक्टर या अमेरिकन जाहिरातवाल्याने ‘इंटरोबँग’ नावाचं जोडचिन्हही काढलं होतं. युनिकोडमध्ये आहे, पण वापरात फारसं रुळलं नाही. एकापुढे एक तीन-चार चिन्हं मात्र कुठेच नकोत. पहिल्याने जे झालं नाही ते चौथ्याने होत नाही.

कोडवाला

याहू! सारख्या नावाचं काय करायचं? चिन्ह नावातच आहे.

भाषांतरकार

कंपनी स्वतः देते म्हणून आपण द्यायलाच हवं असं नाही. वाक्याच्या मधे आलं की वाचणारा अडखळतो, त्यामुळे बरीच वृत्तपत्रं ते गाळतात. इंग्लंडमधल्या ‘वेस्टवर्ड हो!’ या गावाचं तसं नाही. तिथे चिन्ह गावाच्या अधिकृत नावाचाच भाग आहे, ते गाळता येत नाही.

दोनओळी

धागा भरकटतोय पण मजा येतेय. निळीशाई, मेल नव्याने लिहून दाखवा ना.

निळीशाई

लिहिला. सगळ्यांचे प्रतिसाद शेजारी ठेवून लिहिला:

हाय, थँक यू फॉर चेकिंग द रिपोर्ट सो केअरफुली. यू वेअर राइट अबाउट टेबल फोर, अँड द करेक्टेड व्हर्जन इज अटॅच्ड. आय अ‍ॅम सॉरी इट टुक अस थ्री डेज. कुड यू कन्फर्म बाय फ्रायडे?

लिहिताना एक जाणवलं. ‘थँक यू फॉर युअर मेल’ हे वाक्य मुळातच रिकामं होतं, म्हणून मला त्याला चिन्हाचा टेकू द्यावा लागत होता. कशाबद्दल आभार ते लिहिल्यावर टेकू लागला नाही.

मनमोकळी

हा मेल वाचून कोणी तुला उद्धट म्हणणार नाही. ‘सो केअरफुली’मध्ये सगळा ओलावा आला.

व्याकरणवेडा

आणि आज्ञा जाऊन प्रश्न आला, ‘कुड यू’. उत्तम.

पाऊलवाट

‘थ्री डेज’ लिहिलंत हे विशेष आवडलं. उशीर किती झाला ते स्पष्ट सांगितलं की माफी खरी वाटते.

निळीशाई

चार दिवसांनी धागा वर काढतेय, एक सांगायचं राहिलं.

त्या मेलला उत्तर आलं. अहवाल मिळाला, तक्ता बरोबर आहे वगैरे. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की वेळेआधी जन्मलेली त्यांची मुलगी सहा आठवड्यांनी रुग्णालयातून घरी आली. मी उत्तर लिहायला घेतलं आणि बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला. तीन कळा मनात दाबून पाहिल्या. चिन्ह झाकूनही वाचून पाहिलं. मग एवढंच लिहिलं:

व्हॉट वंडरफुल न्यूज!

मनमोकळी

हेच ते. हेच एक ठेवायचं होतं.

व्याकरणवेडा

आणि ‘अ’ घातला नाहीत. ‘व्हॉट अ वंडरफुल न्यूज’ असं फार जण लिहितात, पण न्यूज मोजता येत नाही.

निळीशाई

आधी घातला होता. तुमचं ‘वेदर’ आठवलं आणि पाठवायच्या आधी काढला.